आभारप्रदर्शनानंतर

पनवेल-उरण पट्ट्यात राहत असाल तर हे पोस्टर तुमच्याही फोनवर आलं असेल. एका कोपऱ्यात दातेरी चाक नाहीतर सिंहाचं चिन्ह, दुसऱ्या कोपऱ्यात क्लबच्या अध्यक्षांचा फोटो, मधोमध प्रमुख पाहुण्यांचा त्याहून मोठा फोटो आणि खाली विषय. मधुमेह आणि आपण, म्युच्युअल फंड, तणावमुक्त जीवन, अलीकडे एआय. वेळ संध्याकाळी सात. सातचे साडेसात होतात. दीपप्रज्वलन, परिचय, शाल, श्रीफळ (हल्ली श्रीफळाऐवजी कुंडीतलं रोप), मग भाषण, मग आभारप्रदर्शन, मग जेवण. दुसऱ्या दिवशी स्टेटसला फोटो.

या कार्यक्रमाची टिंगल करणं अगदी सोपं आहे, आणि आपल्या वयाची मंडळी ती करतातही. पण आपल्याकडे या प्रकाराला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातल्या काही संध्याकाळी अशा होत्या की त्यानंतर माणसांचं आयुष्य खरंच बदललं. शाळा निघाल्या, कायदे झाले, आंधळ्यांच्या हातात पांढरी काठी आली. बाकीच्या हजारो संध्याकाळी जेवणावर संपल्या. असं का झालं, हे मला शोधायचं होतं. भाषणं चांगली होती की वाईट, याने फारसा फरक पडलेला दिसत नाही. आभारप्रदर्शन झाल्यावर लोक उठून कुठे गेले, तिथे खरी गोष्ट आहे.

बेटावरून

मी करंज्याचा. द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी, धरमतर खाडीच्या तोंडावर असलेलं हे कोळी-आगरी वस्तीचं गाव. समोर पाण्यापलीकडे रेवस. तिथून पुढे अलिबाग. आज आम्ही उरण तालुक्यात मोडतो, पण इंग्रजी अमदानीतले कागद पाहिले तर उरणचं सगळं बेटच 'करंजा' या नावाने येतं आणि ते पनवेल तालुक्याच्या पोटात असतं. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीबरोबर हे बेट मराठ्यांकडून घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिलं. तेव्हापासून मुंबईला जे हवं ते आमच्याकडून जात आलंय. मीठ गेलं, मासळी गेली, मोहाची दारू गेली. १९७० मध्ये सिडको आल्यावर जमीन गेली. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि खाडीही बदलली.

या सगळ्यात आमच्याकडे बाहेरून माणसं आली ती बहुतेक वेळा काहीतरी सांगायला. अधिकारी आले, पुढारी आले, कंपनीचे लोक आले. मांडव पडला, खुर्च्या लागल्या, पाहुणे बोलले. त्यामुळे 'प्रमुख पाहुणे' हा शब्द ऐकला की आमच्या गावातला म्हातारा माणूस आधी विचारतो, "काय न्यायला आलाय?" या प्रश्नात कडवटपणा आहे, पण इतिहास वाचायला तो उपयोगी पडतो. पाहुणा काही घ्यायला आला होता, द्यायला आला होता, की मागायला? आणि सभागृहाने त्याला काय उत्तर दिलं?

निबंध वाचून झाल्यावर

आपल्याकडच्या या इतिहासाची एक सुरुवात मुंबईत, १८४८ मध्ये आहे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी लाड ही नावं या सोसायटीशी जोडलेली आहेत. तेव्हा ही सगळी विशी-पंचविशीतली मुलं होती. तिच्या मराठी आणि गुजराती शाखाही निघाल्या. मराठी शाखेचं नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, अध्यक्ष दादोबा पांडुरंग. काम काय, तर जमायचं, कोणीतरी निबंध वाचायचा, त्यावर बोलायचं. आजच्या भाषेत 'टॉक'.

१८४९ मध्ये बेहरामजी गांधी नावाच्या तरुणाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. सभेत बसलेल्या प्राध्यापक पॅटन यांनी या मुलांना टाळ्यांवर सुटू दिलं नाही. तुम्हाला हे पटत असेल तर तुम्ही स्वतः काय करणार, असा त्यांचा रोख होता. मुलांनी उत्तर दिलं. त्याच वर्षी सोसायटीने मुलींच्या शाळा सुरू केल्या. पैसे नव्हते, जागा नव्हती, शिक्षक नव्हते. मग हेच तरुण सकाळी स्वतःच्या कामाआधी मुलींना शिकवायला लागले. घरोघर जाऊन पालकांची मनधरणी केली. शिव्या खाल्ल्या. जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठी मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली होती. तिथली किंमत कितीतरी मोठी होती, त्या दोघांना घर सोडावं लागलं. मुंबईतल्या मुलांच्या पाठीशी श्रीमंत शेटिया होते. तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सभेत निबंध वाचला गेला आणि पुढच्या काही महिन्यांत तोच श्रोतृवर्ग फळ्यासमोर उभा राहिला. वक्ता आणि श्रोते यांच्यामध्ये कोणी तिसरा 'लाभार्थी विभाग' नव्हता.

पुण्यात १८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी सार्वजनिक सभा स्थापली. तिचा एक नियम आजही थक्क करतो. सभासद व्हायचं तर वर्गणी पुरेशी नव्हती. किमान पन्नास माणसांनी सही केलेलं मुखत्यारपत्र आणावं लागायचं. म्हणजे तुम्ही बोलायला उभे राहिलात की तुमच्यामागे निदान पन्नास घरं आहेत, हे कागदावर दिसायचं. १८७६-७७ च्या दुष्काळात या सभेने आपली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून परिस्थितीची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. ट्विटर नव्हतं, वर्तमानपत्रं मोजकी होती. ज्यांच्या सह्या घेतल्या त्यांच्या दारात परत जावं लागत होतं, हेच त्या सभेचं बळ होतं.

त्याच पुण्यात १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज गावोगावी ज्या व्याख्यानमाला होतात, त्या याच वेलाच्या. ऐकण्याची सवय तिने महाराष्ट्राला लावली. हे ऋण मोठं आहे. पण हळूहळू ऐकणं हेच काम समजलं जायला लागलं. वक्त्याने विचार द्यायचे, श्रोत्यांनी ते 'घेऊन जायचे', आणि घरी गेल्यावर ते कुठे ठेवले हे कोणी विचारायचं नाही.

शिकागोची मुतारी

आता चाक आणि सिंह कुठून आले ते पाहू.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस हा वकील तीन ओळखीच्या माणसांना भेटला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. मोठ्या शहरात एकटं वाटत होतं, ओळखी हव्या होत्या, धंदाही हवा होता. बैठक दर वेळी वेगळ्या सभासदाच्या ऑफिसात फिरत राहायची म्हणून नाव 'रोटरी'. सुरुवातीला मुद्दा एकमेकांना गिऱ्हाईक देण्याचा होता. प्रत्येक धंद्यातला एकच सभासद घ्यायचा, म्हणजे आपसात स्पर्धा नको.

१९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलाला या क्लबात बोलावलं गेलं. त्याने उद्दिष्टं वाचली आणि यायला नकार दिला. फक्त स्वतःच्या सभासदांचं भलं पाहणाऱ्या क्लबला भविष्य नाही, असं त्याचं म्हणणं. सेवा संघटनांच्या इतिहासात मला हा पाहुणा सर्वांत आवडतो. त्याने शाल नाकारली आणि नियमावली बदलायला लावली. क्लबने त्यालाच मसुदा करायला सांगितलं आणि शहराच्या हिताचं कलम आत आलं.

पण कलम लिहून काम होत नाही. १९०७ मध्ये या क्लबने पहिलं सार्वजनिक काम हातात घेतलं. विषय अजिबात फोटोजेनिक नव्हता: शिकागोच्या मध्यवस्तीत सार्वजनिक शौचालय. विरोध कोणी केला माहितीये? दारू गाळणाऱ्यांनी आणि मोठ्या दुकानदारांनी. कारण रस्त्यावर सोय नसल्यामुळे लोक गुत्त्यात किंवा दुकानात शिरत आणि जाता जाता काहीतरी विकत घेत. म्हणजे ज्या व्यापारी वर्गातून क्लब निघाला, त्याच वर्गातल्या काहींच्या हिताला त्याचं पहिलं काम बोचत होतं. तरी ते त्यांनी तडीला नेलं.

रोटरी १९२० मध्ये कलकत्त्यात आणि १९२९ मध्ये मुंबईत पोचली. लायन्स ही संघटना १९१७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि १९५६ मध्ये मुंबईत आली. पुढे तालुक्याच्या गावांतही क्लब निघाले. डॉक्टर, वकील, सीए, बिल्डर, दुकानदार, निवृत्त अधिकारी. 'प्रत्येक धंद्यातला एक' या जुन्या तत्त्वात एक सुंदर शक्यता होती: अख्खं गाव एका टेबलाभोवती. पण धंद्यांची यादी करताना कोळी, आगरी, मिठागरातला मजूर, मासळी विकणारी बाई यांचा 'व्यवसाय' त्यात धरला जायचा नाही. बायकांना तर रोटरीत जगभर सभासदत्वच नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबने बायकांना घेतलं म्हणून त्याची मान्यता काढली गेली. प्रकरण कोर्टात गेलं. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बायकांच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने नियम बदलला. म्हणजे मी जन्मायच्या जेमतेम दशकभर आधी.

पाहुणी मागायला आली

३० जून १९२५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सीडर पॉइंट इथे लायन्सचं अधिवेशन भरलं होतं. पाहुण्या होत्या हेलन केलर. दृष्टी आणि श्रवण दोन्ही दीड वर्षाच्या असताना गेलेलं, तरी पदवीधर, लेखिका, जगप्रसिद्ध. अशा पाहुणीकडून आयोजकांना काय हवं असतं? प्रेरणा. ऐकून डोळ्यांत पाणी यावं आणि आपण किती सुखी आहोत असं वाटत घरी जावं.

केलरबाईंनी प्रेरणेवर भागवलं नाही. त्यांनी सरळ मागणी केली की अंधांचं काम तुम्ही आपलं म्हणून दत्तक घ्या. टाळता येण्याजोगं अंधत्व टाळा, अंध मुलांना शिकवा. अधिवेशनाने हे स्वीकारलं. पाच वर्षांनी, १९३० मध्ये, इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावच्या जॉर्ज बोनहॅम या लायन सभासदाने रस्ता ओलांडताना धडपडणारा अंध माणूस पाहिला. त्याची काळी काठी गाड्यांना दिसत नव्हती. काठी पांढरी रंगवायची कल्पना त्याने क्लबपुढे मांडली, गावाने तिला नियमाचं बळ दिलं आणि लायन्समुळे ती ठिकठिकाणी पसरली.

आपल्या बाजारपेठेत 'मोफत नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर' असा लायन्सचा बॅनर दिसतो ना, त्याचं मूळ त्या एका भाषणापर्यंत जातं. शंभर वर्षं टिकलेलं भाषण. ते टिकलं कारण त्यात एक ठरावीक काम होतं, आणि ते काम ऐकणाऱ्यांच्या आवाक्यातलं होतं. प्रत्येक गावात एक दुकानदार, एक डॉक्टर आणि एक रिकामी शाळा असतेच. शिबिराला तेवढं पुरतं.

खाडीपलीकडचा पाहुणा

यापेक्षा वेगळ्या प्रकारचा पाहुणा आमच्या खाडीपलीकडे येऊन गेला. करंज्याच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच पकडा आणि तिथून अलिबागच्या दिशेने निघा. वाटेत खारेपाटातलं चरी गाव लागतं. १९३३ च्या ऑक्टोबरात इथल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ठरवलं की खोत-सावकारांची जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं या संपात होती आणि तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं नांगर बंद. लोकांनी लाकूडफाटा विकून, मासळी पकडून, मोलमजुरी करून दिवस काढले.

डिसेंबर १९३४ मध्ये चरीला शेतकऱ्यांची परिषद झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. इथे कोणताही क्लब नव्हता आणि श्रोत्यांकडे द्यायला पैसाही नव्हता. केलरबाई मागायला गेल्या होत्या. इथे श्रोत्यांनीच पाहुण्याकडे आपलं गाऱ्हाणं सोपवलं. पाहुण्याने ते सोबत नेलं आणि त्याचं काम केलं. १९३७ मध्ये बाबासाहेब मुंबई विधिमंडळात निवडून गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. १९३९ मध्ये कुळांना काही संरक्षण देणारा कायदा झाला. खोती प्रत्यक्ष गेली ती स्वातंत्र्यानंतर.

इथे एका भाषणाला श्रेय देणं चुकीचं ठरेल. संप कुळांनी केला, उपास त्यांनी काढले. पण वक्ता आणि श्रोते यांच्यात सौदा स्पष्ट होता. तुम्ही टिकून राहा, मी वरच्या सभेत बोलतो. दोघांनीही तो पाळला.

आमच्या बाजूला आणखी एक उदाहरण आहे. मुंबई-गोवा महामार्गावर पनवेलच्या पुढे तारा गाव लागतं. तिथे युसूफ मेहेरअली सेंटरचं काम चालतं. 'चले जाव' ही घोषणा सुचवणारे समाजवादी नेते आणि मुंबईचे महापौर मेहेरअली यांच्या नावाने ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. डॉ. जी. जी. परीख आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ताऱ्याला आले ते दवाखाना चालवायला. मग शाळा, खादी, तेलघाणी, साबण असं काम वाढत गेलं. डॉ. परीख २०२५ मध्ये वयाच्या शंभरीत गेले. तोवर ते या कामाशी जोडलेले होते. पाहुणा परत आला, पुन्हा परत आला आणि एके दिवशी पाहुणा उरला नाही, असा हा प्रकार.

करंगळीवरची शाई

सेवा क्लबांनी केलेल्या कामांत सर्वांत मोठं कोणतं, तर पोलिओ. १९७९ मध्ये रोटरीने फिलिपाइन्समधल्या साठ लाख मुलांना लस देण्याचा प्रकल्प हाती घेतला. १९८५ मध्ये जगभरच्या मोहिमेची घोषणा केली. बारा कोटी डॉलर जमवायचं ठरलं होतं, १९८८ पर्यंत जवळपास पंचवीस कोटी जमले. त्या वर्षी जगात दरसाल साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत असल्याचा अंदाज होता.

भारतात १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झालं. माझ्या डाव्या करंगळीवरची शाई मला अजून आठवते. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, बर्फाचा डबा, अंगणवाडीच्या ताई. देशभरात एका फेरीत सुमारे सतरा कोटी मुलांना डोस दिला जायचा. तरी २००९ मध्ये ७४१ मुलांना पोलिओ झाला. २०१० मध्ये हा आकडा ४२ वर आला. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

क्लबांनी पैसा उभा केला, सरकारांच्या मागे लागले, बूथवर सभासद बसवले. पण थेंब घरोघर नेले ते अंगणवाडी सेविकांनी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी. उन्हात, पावसात, होडीतून, आणि अनेकदा दार तोंडावर आपटलं जात असताना. क्लबांचं खरं श्रेय मला यात दिसतं की तीस वर्षं त्यांनी विषय बदलला नाही. दर वर्षी नवा अध्यक्ष येतो आणि नवा अध्यक्ष नवी योजना आणतो, हा अशा संघटनांचा स्वभाव. या एका बाबतीत तो त्यांनी आवरला.

आत्याची अट

गेल्या वर्षी पनवेलमधल्या एका क्लबने मलाच बोलावलं. विषय: मोबाइलवरची फसवणूक. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, एवढीच पात्रता. चाळीसेक लोक होते. ओटीपी देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका, डिजिटल अटक असं काही नसतं, फसलात तर लगेच १९३० वर फोन करा. चाळीस मिनिटं बोललो. रोप मिळालं.

प्रश्नोत्तरांत मी माझ्या आत्याची गोष्ट सांगितली. ती उरणच्या बाजारात मासळी विकते. एका पोराने चौदाशेची पापलेटं घेतली, मोबाइलवर हिरवी खूण दाखवली आणि गेला. पैसे आलेच नव्हते. खूण खोट्या ॲपची. यावर एक निवृत्त बँक अधिकारी उठून म्हणाले, "मग आपण बाजारातच जाऊन सांगू या की. रविवारी कोण येतंय?" हात वर झाले चार.

पुढच्या रविवारी चौघं आली. आम्ही ठरवून गेलो होतो की बायकांना सांगायचं, पैसे आल्याचा मेसेज बघितल्याशिवाय मासळी देऊ नका. पहिल्या दहा मिनिटांत सल्ला निकामी ठरला. कारण क्यूआर कोड होता पोराच्या नावाचा, खातं पोराचं, मेसेज पोराच्या फोनवर, आणि पोरगा कंपनीत ड्यूटीला. काहीजणींना मेसेज वाचता येत नव्हता, पण नोटा आणि आकडे पक्के कळत होते. मग काम बदललं. ज्यांना हवं होतं त्यांचं स्वतःचं खातं जोडून देणं, रक्कम मोठ्याने सांगणारा डबा मिळवून देणं, तोवर मोठ्या रकमेला पोराला फोन लावणं. तीन रविवार गेले. अकरा बायकांचं झालं. अकरा हा आकडा लहान आहे, पण तो भाषणाने झाला नसता आणि भाषणाशिवायही झाला नसता.

नंतर क्लबने आत्याला बोलायला बोलावलं. ती म्हणाली, "मना काय येतंय बोलाला?" मी म्हटलं, तुला जेवढं येतं तेवढं तिथे कोणालाच येत नाही. ती थोडा वेळ टोपलीतली कोलंबी निवडत राहिली आणि म्हणाली, "बोलाचं हाय तं बंदरावर या म्हनावं. होरी लागल्यावर. लिलाव बघा, मंग इचारा."

ही अट मला सार्वजनिक काकांच्या मुखत्यारपत्राची आठवण करून देते. आत्याचं म्हणणं साधं आहे. मी तुमच्या खुर्चीत येऊन माझं दुःख सांगणार नाही. तुम्ही माझ्या कामाच्या वेळी माझ्या जागी या. क्लबने अजून होकार कळवलेला नाही. लिलाव पहाटे असतो आणि क्लबची वेळ संध्याकाळी सात.

पोस्टरवर एक ओळ

आज आमच्या भागात विषयांचा तोटा नाही. अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाला, रेवस-करंजा पुलाची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतोय. खाडीत गाळ वाढतो, मासळी लांब जाते, डिझेल महागतं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी जीव दिला आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं. त्या भूखंडांची प्रकरणं अजून घराघरांत आहेत. या सगळ्यावर बोलू शकणारे डॉक्टर, वकील, अभियंते पनवेल-उरणच्या क्लबांत आज बसलेले आहेत. कागद वाचता येणारी इतकी माणसं एका खोलीत दर आठवड्याला जमतात, ही गोष्ट छोटी नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला तशी खोली मिळाली असती तर अनेक कागदांवर आंधळेपणाने अंगठे उठले नसते.

म्हणून टिंगल थांबवून मी एक छोटी सूचना करतो. क्लबवाल्यांना, आणि गावातल्या व्याख्यानमाला, नवरात्र मंडळं, ग्रंथालयं चालवणाऱ्या आपल्या वयाच्या पोरापोरींनाही. पुढच्या पोस्टरवर पाहुण्यांच्या फोटोखाली एक ओळ वाढवा: मागच्या कार्यक्रमात काय काम ठरलं होतं आणि ते कुठवर आलं. काहीच ठरलं नसेल तर तसं लिहा. अर्धवट राहिलं असेल तर कोणाची मदत हवी ते लिहा. जागा कमी पडली तर फोटो थोडा लहान करा. पाहुणे रागावणार नाहीत, आणि रागावलेच तर त्यांना डोनाल्ड कार्टरची गोष्ट सांगा.